उंदराचे हृदय आणि समाजाचा हिशेब

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत दुखू लागले की डॉक्टर ‘टू-डी इको’ करून घ्यावयास सांगतात. मध्यमवर्गीय कुटुंबांच्या हे आता अंगवळणी पडले आहे. छातीवर थंडगार लेप लावून त्यावर मुठीत मावेल एवढे उपकरण फिरविले जाते, पडद्यावर हृदयाची उघडझाप दिसू लागते आणि थोड्याच वेळात एक टक्केवारी लिहिलेला अहवाल हाती पडतो. नेमकी हीच तपासणी आज जगातील अनेक प्रयोगशाळांत पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदरावर केली जाते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ऐकल्याबरोबर ही गोष्ट काहीशी हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. माणसांच्या तपासणीसाठी जिथे महिनामहिना वाट पाहावी लागते, तिथे उंदराच्या हृदयाची एवढी चिंता कशाला, असा प्रश्नही कोणी विचारील. परंतु या चिमुकल्या हृदयाच्या तपासणीत औषधांची सुरक्षितता, मुक्या जिवांविषयीचे आपले कर्तव्य आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग असे तीन प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. वैद्यकीय, पशुवैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था एकाच शहरात नांदत असलेल्या नागपुराने तर त्यांचा विचार अवश्य केला पाहिजे.

धातूच्या भेगांपासून हृदयापर्यंत

माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे श्राव्यातीत, ध्वनिलहरी एखाद्या वस्तूत सोडावयाच्या आणि आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतील रचनेचा अंदाज बांधावयाचा, हे या तंत्राचे मूळ सूत्र होय. ते प्रथम वैद्यकासाठी नव्हे तर कारखान्यांसाठी उपयोगात आले. धातूच्या ओतकामात किंवा सांध्यात दडलेली भेग शोधण्यासाठी असे यंत्र वापरीत. स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी असेच एक यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी जिवंत हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. पुढे १९७७ मध्ये या दोघांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. छाती न उघडता, शरीराला इजा न करता, हृदय काम करीत असतानाच पाहता येऊ लागले, ही वैद्यकाच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

एका कामासाठी घडलेले यंत्र दुसऱ्या कामी येते, आणि ते दुसरे काम दर वेळी चांगलेच असते असे नाही. याचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. गर्भाची प्रकृती पाहण्यासाठी आलेली सोनोग्राफी मुलींचे गर्भ हेरून नष्ट करण्यासाठी वापरली जाऊ लागली आणि चळवळीच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये या राज्याने देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. यंत्र स्वतः काही ठरवीत नाही. ते कोणाच्या हाती द्यावयाचे, कोणत्या नियमाने वापरावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे समाजाला ठरवावे लागते, हाच त्या अनुभवाचा धडा होय. उंदराच्या हृदयाबाबतही तो तितकाच लागू पडतो.

उंदरासाठी निराळे यंत्र का?

रुग्णालयातील यंत्रच उंदराला लावून भागणार नाही काय? ते का भागत नाही, हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल. माणसाचे हृदय सुमारे तीनशे ग्रॅमचे असते, तर उंदराचे सुमारे सव्वाशे मिलिग्रॅमचे. त्याच्या डाव्या जवनिकेची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. माणसासाठी साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी वापरतात. शरीरातील मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. या हिशेबाने ३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. एवढ्या जाड मोजपट्टीने एक मिलिमीटरहून पातळ भिंतीची जाडी आणि तिच्यात झालेला सूक्ष्म बदल मोजता येणे शक्य नाही. म्हणून उंदरासाठी ३० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक कंप्रता लागते. अशा वेळी तरंगलांबी एक-दशांशावर येते आणि भिंत स्पष्ट दिसू लागते. या लहरी शरीरात खोलवर पोहोचत नाहीत. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनंतर त्या क्षीण होतात. परंतु उंदराच्या छातीत त्याहून खोल जाण्याचे कारणच पडत नाही.

दुसरी अडचण वेगाची. आपले हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देते, तर जागृत उंदराचे पाचशे ते सातशे. सेकंदाला दहा ठोक्यांचे हे चित्र टिपावयाचे तर सेकंदाला शेकडो प्रतिमा घ्याव्या लागतात. शिवाय उंदराला भूल द्यावी लागते, त्याच्या छातीवरील केस काढावे लागतात आणि गरम राखलेल्या फळीवर त्याला निजवावे लागते. भूल जास्त झाली किंवा शरीर थंड पडले की हृदय मंदावते आणि मोजमाप फसते. म्हणजे यंत्राबरोबरच ते चालविणारा कसबी हात हवा. मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले आणि कोणत्या नाही हे सांगूही नये, नाही तर त्याच्या अपेक्षेची सावली आकड्यांवर पडते.

हे सर्व कशासाठी? एक उदाहरण पुरेसे आहे. डॉक्सोरुबिसिन हे औषध स्तनाच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांवर दीर्घकाळ वापरात आहे. त्याने असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढविले. पण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. म्हणूनच या रुग्णांच्या हृदयाची इको तपासणी करीत राहावे लागते. कर्करोग बरा व्हावा आणि हृदयही शाबूत राहावे, यासाठी कोणते संरक्षक औषध सोबत द्यावे याचा शोध जगभर चालू आहे आणि त्याची प्रारंभीची पायरी बहुधा उंदीर हीच असते. एखादे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्याची विद्या आता साध्य झाली आहे. तिच्या जनकांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विद्येमुळे हृदयविकाराच्या संशोधनात उंदराचे महत्त्व अधिकच वाढले. परंतु जनुक काढल्याने हृदय दुबळे झाले की नाही, हे पाहावयाचे कसे? त्याचे उत्तर इकोने दिले.

स्वस्त जीव, महाग यंत्र

येथून पुढे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना सौम्य कराव्यात. इकोचा संबंध मुख्यतः दुसऱ्या तत्त्वाशी आहे. हृदयावर औषधाचा परिणाम आठवड्या-आठवड्याने कसा बदलतो हे पाहावयाचे तर जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारून त्यांचे हृदय तपासावे लागे. इकोमुळे तोच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता येतो. त्याची कालची स्थिती हीच आजच्या तुलनेची कसोटी ठरते. त्यामुळे एका उंदरात आणि दुसऱ्यात मुळातच असणाऱ्या फरकाने निष्कर्ष गढूळ होत नाही.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. एका प्रयोगात उंदरांचे दोन गट आहेत, एकाला औषध दिलेले आणि दुसऱ्याला न दिलेले. पाच टप्प्यांवर हृदय पाहावयाचे आहे आणि प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक गटातील आठ उंदीर हवेत. जुन्या पद्धतीने ८० उंदीर लागतील, इकोने १६. एका उंदराची किंमत ५०० रुपये धरली तर ६४ उंदरांमागे ३२,००० रुपये वाचतात. आता यंत्राकडे वळू. परदेशातून आणावयाच्या अशा यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते. ती दोन कोटी आणि यंत्राचे आयुष्य दहा वर्षे धरली, तर वर्षाला २० लाख रुपये झीज होते. देखभाल आणि तंत्रज्ञाचे वेतन यांसाठी आणखी १० लाख धरू. म्हणजे वर्षाचा खर्च ३० लाख.

एखाद्या संस्थेने हे यंत्र आपल्यापुरते घेतले आणि वर्षाला त्यावर दहाच प्रयोग झाले, तर प्रत्येक प्रयोगावर तीन लाखांचा बोजा पडेल. वाचलेले ३२,००० वजा केले तरी २,६८,००० रुपये उरतात. ते ६४ उंदरांवर वाटले तर एक उंदीर वाचविण्यासाठी सुमारे ४,२०० रुपये पडले. पाचशे रुपयांच्या जिवासाठी एवढी रक्कम कोणताही लेखाधिकारी मंजूर करणार नाही. उलट तेच यंत्र पाच-सहा संस्थांनी मिळून वापरले आणि वर्षाला साठ प्रयोग झाले, तर प्रत्येक प्रयोगावरील बोजा ५०,००० होतो. बचत वजा जाता १८,००० उरतात, म्हणजे एका उंदरामागे सुमारे २८० रुपये. साठ प्रयोगांत वर्षाकाठी ४,८०० तपासण्या होतील. कामाचे २४० दिवस धरले तर दिवसाला वीस. एका यंत्राला आणि एका कुशल तंत्रज्ञाला हे अशक्य नाही.

हिशेबातील आकडे गृहीत धरलेले आहेत. ते कोणीही बदलून पाहावेत. निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. उंदराच्या बाजारभावावरच बोट ठेवले तर सामाईक यंत्रसुद्धा पूर्णपणे परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु उंदराचा बाजारभाव म्हणजे पैदास, खाद्य आणि पिंजरा यांचा खर्च. त्याच्या वेदनेची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. जो खर्च व्यवहार करणाऱ्याच्या खिशातून जात नाही तो दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागतो, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच शिकतो. कारखान्याच्या धुराबाबत हे तत्त्व आपण आता मान्य केले आहे. पिंजऱ्यातील जिवाबाबत अद्याप नाही. म्हणूनच संशोधक निर्दय आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तुटपुंज्या अनुदानातून त्याला प्रबंध पुरा करावयाचा असतो. उंदीर त्याला परवडतो, यंत्र परवडत नाही. दोष त्याच्या अंतःकरणाचा नसून किमतींच्या रचनेचा आहे, आणि ती रचना बदलणे हे शासनाचे काम आहे.

कायद्याची बाजू

आपला कायदा या बाबतीत मागासलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रयोगांना बंदी करीत नाही. मात्र प्रयोग टाळता येण्यासारखा असेल तेथे तो टाळावा, मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर भागत असेल तेथे मोठा प्राणी वापरू नये, अशी दृष्टी त्यात स्पष्ट आहे. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रत्येक संस्थेत नैतिक समिती अनिवार्य केली. किती प्राणी लागतील आणि का, हे या समितीपुढे सांगावे लागते. परंतु ‘संख्या कमी करा’ असे सांगणारी समिती ती कमी करण्याचे साधन देऊ शकत नाही. साधनावाचूनचा उपदेश हा बहुधा कागदावरच राहतो.

तीन आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, थोर संशोधनाला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. त्यासाठी उदाहरणही घरचेच देता येईल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. लाल विंचवाचे विष हृदयावर आणि रक्तदाबावर कसा आघात करते हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपले. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावरील त्यांचे लेखन १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी होण्यास त्यामुळे मोठी मदत झाली. हे उदाहरण अभिमानास्पद आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. जिज्ञासा यंत्राने विकत मिळत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते; जिज्ञासूला साधने नाकारावीत असे नव्हे. शिवाय रुग्णाला द्यावयाचे नवे औषध आधी कोठे तरी पारखावे लागतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरात गुणकारी ठरलेली कितीतरी औषधे माणसात निष्फळ ठरली. मग मुळातच कालबाह्य होऊ घातलेल्या पद्धतीवर पैसा का ओतावा? अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. भारतानेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियम दुरुस्त करून पेशी, सूक्ष्म अवयवपट्टिका आणि संगणकीय प्रतिमाने यांना वाव दिला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि संपूर्ण शरीरात, रक्तदाब, मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांच्याशी बांधलेले, धडधडणारे हृदय काचपट्टीवर अद्याप उभे राहिलेले नाही. जोवर ते होत नाही तोवर उंदीर वापरले जाणारच. प्रश्न एवढाच की, ते अंदाधुंद वापरावयाचे की मोजून-मापून.

तिसरा आक्षेप प्राण्याच्या बाजूचा आहे. एकाच उंदराला पाच वेळा भूल देणे हीदेखील यातनाच नव्हे काय? आहे, आणि ती नोंदविली गेली पाहिजे. तसेच अखेरीस हृदयाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या असतील तर काही उंदरांचा जीव जाणारच. इको म्हणजे अहिंसा नव्हे. ती हिंसेचे प्रमाण घटविणारी एक पायरी आहे, एवढाच तिचा दावा आहे आणि तेवढाच तो असावा.

नागपुराने काय करावे?

वरील हिशेबाचा व्यवहारी अर्थ एकच निघतो: हे यंत्र एकट्या संस्थेने घेऊ नये आणि एकत्र घेतल्यावाचून राहू नये. त्या दृष्टीने नागपूरची स्थिती विशेष अनुकूल आहे. १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. १९५८ चे पशुवैद्यक महाविद्यालय आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथेच आहे. मिहानमध्ये ‘एम्स’ उभी राहिली आहे, विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग जुना व नामवंत आहे आणि परिसरात औषधनिर्माणशास्त्राची अनेक महाविद्यालये आहेत. हृदयाची भाषा जाणणारे डॉक्टर, प्राण्याला भूल देणारे पशुवैद्य आणि औषधाचा गुणधर्म ओळखणारे रसायनज्ञ एकमेकांपासून काही किलोमीटरवर काम करतात. पण त्यांना एका टेबलाशी बसविणारे निमित्त नाही. असे सामाईक केंद्र हे ते निमित्त ठरू शकेल.

कल्पना नवी नाही. महागडी उपकरणे एका ठिकाणी ठेवून ती सर्वांना माफक शुल्कात वापरू द्यावयाची, या हेतूने केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने पूर्वी प्रादेशिक उपकरण केंद्रे काढली आणि त्यांतील एक नागपूर विद्यापीठात होते. देशातील कित्येक संशोधकांनी आपल्या शोधनिबंधांत त्याचे आभार मानलेले आढळतात. रसायनाच्या नमुन्यांसाठी जे जमले ते जिवंत नमुन्यासाठी न जमण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, जिवंत उंदराला टपालाने पाठविता येत नाही. त्यामुळे केंद्राजवळच प्राणिगृह, विलगीकरणाची खोली आणि नैतिक समितीची सामाईक व्यवस्था लागेल.

पैसा कोठून यावयाचा? संशोधनावरील आपला राष्ट्रीय खर्च २०२०-२१ मध्ये एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. त्यातूनच संस्था-संस्थांत एकाच प्रकारची उपकरणे घेण्याची चढाओढ चालते, आणि तंत्रज्ञाचे पद मंजूर न झाल्याने किंवा देखभालीचा करार संपल्याने किमती यंत्रे आवरणाखाली पडून राहिल्याचे दृश्य महाविद्यालयीन जगात वावरणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने राज्यांतील विद्यापीठांकडे विशेष लक्ष द्यावे, अशी अपेक्षा आहे. अशा अनुदानाला तीन अटी घालाव्यात. यंत्राबरोबर तंत्रज्ञाचे कायम पद आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी. बाहेरच्या संस्थांसाठी निम्मा वेळ राखून ठेवावा. आणि वर्षाअखेरीस किती प्रयोग झाले व किती प्राणी वाचले, याचा अहवाल जनतेपुढे ठेवावा. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. जो आकडा छापावा लागतो त्याचीच संस्था काळजी घेते.

एका उंदरामागे दोनशे ऐंशी रुपये, हा आपल्या काल्पनिक हिशेबाचा निष्कर्ष होता. ही रक्कम जास्त की कमी, हे बाजार सांगू शकणार नाही. ते समाजाने ठरवावयाचे आहे. ज्या कर्करुग्णाचे हृदय उद्या एखाद्या नव्या औषधामुळे शाबूत राहील, त्याला त्या उंदराची आठवण असण्याचे कारण नाही. पण त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांना ती असली पाहिजे. विज्ञानासाठी आपण जीव घेतो, तेव्हा निदान गरजेपेक्षा एकही अधिक घेत नाही, एवढे सांगता येण्यासाठी जो खर्च येईल तो चैनीच्या खात्यावर नव्हे, तर कर्तव्याच्या खात्यावर मांडावयास हवा.